बारा नंबरचं घरटं

“काय गो चाळतंस ता?”

सगुणाकाकी मागच्या दारात उभी होती. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात तांब्या. गाळणीतून तपकिरी पाणी खालच्या पाटीत गळत होतं.

“मांजराची विष्ठा,” मी म्हटलं.

“आणि गाळणी खंयची?”

“तुम्हीच दिलीत ना काकी. जुनी झाली, टाकून दे म्हणालात.”

“टाक म्हटलंय. तेच्यात गू धू म्हणान नाय म्हटलंय.” ती दोन पायऱ्या उतरली, वाकून बघितलं आणि पदर नाकाला लावला. “शी शी शी! आवशीन तुका इतक्या शिकवल्यान ता ह्याच्यासाठी?”

“आईही हेच विचारते.”

काकी हसली, पण लांबूनच. मी गाळणी उन्हाकडे धरली. मांजराची विष्ठा ओली असताना जितकी किळसवाणी असते, तितकी धुतल्यावर राहत नाही असा माझा तोवरचा अनुभव होता. केस, हाडांचे तुकडे, माशाचे काटे वेगळे होतात आणि मग ती वस्तू नमुना होते. त्या दिवशी तसं झालं नाही. आधी जंताचे तुकडे दिसले, तांदळाच्या कणीएवढे, त्यातले दोन अजून वळवळत होते. मग मऊ पिसांचा एक चिकट गोळा. चिमट्याने तो सोडवला तर आत एक बारीक पंजा होता, तीन बोटांचा, आणि त्याच्या नडगीत प्लास्टिकचं लाल कडं.

ते कडं मी सहा दिवसांपूर्वी माझ्या हाताने चढवलं होतं.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून पुण्याच्या एका लहान संस्थेत लागले होते आणि संस्थेने मला फेब्रुवारीत मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका मच्छीमार वाडीत पाठवलं होतं. तिथे मी सगुणाकाकीच्या घरी राहायचे. वाडी खाली, आणि तिच्या डोक्यावर कातळाचा सडा. काळाभोर, सपाट, दीड-दोन किलोमीटर लांब. एप्रिलमध्ये त्या कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि माळटिटवी नेमकी तिथेच अंडी घालते. घरटं म्हणजे एक उथळ खळगा, भोवती बारके खडे मांडलेले, आत खड्यांच्याच रंगाची चार अंडी. ही घरटी शोधायची, त्यांच्यावर नजर ठेवायची आणि किती पिल्लं जगतात ते मोजायचं, हे माझं काम.

मोजायला फारसं काही उरलं नव्हतं. बारा घरटी सापडली होती. दहा घरट्यांतली अंडी गेली. नऊ नंबरच्या घरट्यात चार पिल्लं निघाली, त्यांच्या पायांत मी कडी घातली, आणि तिसऱ्या दिवसानंतर त्यांतलं एकही दिसलं नाही. आता बारा नंबर तेवढं राहिलं होतं. त्यातल्या चार अंड्यांवर माझा सगळा हंगाम उभा होता.

“सरपंचाचं आहे हे,” मी काकीला म्हटलं. “काल त्याला रेतीच्या ढिगात उकरताना मी पाहिलं.”

सरपंच म्हणजे काकीचा बोका. पिवळा, जाड मानेचा, एका कानाचा शेंडा तुटलेला. सगळ्या घरांत जातो, सगळीकडे खातो, काम कुठलंच करत नाही, म्हणून सरपंच. गावच्या खऱ्या सरपंचालाही हे ठाऊक होतं. तो येता-जाता विचारायचा, “आमचो जोडीदार बरो आसा मां?” काम करत नाही हे मात्र खरं नव्हतं. काकीचा नवरा वारल्यापासून ती लोकांची फाटलेली जाळी शिवून द्यायची. ओटीलगतच्या खोलीत जाळ्यांचे ढीग असायचे आणि उंदरांना ती जाळी कुरतडायला फार आवडायची. सरपंच त्या ढिगांवर झोपायचा. तो होता म्हणून लोक काकीकडे जाळी बिनघोर टाकून जात.

“टिटवेचा पिला खाल्ल्यान?” काकीने विचारलं.

“हो. आणि अंडीसुद्धा त्यानेच खाल्ली असणार. त्याने नाही तर वाडीतल्या दुसऱ्या मांजरांनी. काकी, अजून एक घरटं आहे. तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतील. तोवर, आणि पुढचे चार-पाच दिवस, याला कोंडून ठेवाल?”

“बोको कोंडलंस तर घराचा काय करता ठावक आसा?”

“मी साफ करीन.”

काकीने माझ्याकडे, मग गाळणीकडे पाहिलं. “ता तू करशीत,” ती म्हणाली. “पण आज नाय. खोलयेत तांडेलांची जाळी आसत, परवा न्हेतत. मोकळी झाली काय कोंडतंय. परवा. झाला?”

“परवा उशीर होईल.”

“मगे काय पोत्यात घालू तेका?”

पोत्यात घालणं हा तिथला रिवाज होता. नकोशा मांजराला कुणी मारत नसे, पाप लागतं म्हणून. त्याला पोत्यात घालायचं, पोतं तीनदा गरगर फिरवायचं म्हणजे ते घरची वाट विसरतं, आणि तरीने, म्हणजे माणसं पोचवणाऱ्या होडीने, खाडीपलीकडे नेऊन सोडायचं. पलीकडची वाडी आपली मांजरं अलीकडे आणून सोडायची. काकीने हे मला पूर्वीच हसत हसत सांगितलं होतं.

“नको, तसं नको,” मी म्हटलं.

दुपारी नेहमीप्रमाणे सड्यावर गेले. पाठीवर पिशवी, पिशवीत काकीने दिलेली तांदळाची भाकरी आणि किसमूर. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, कुस्करून, त्यात ओलं खोबरं, कांदा आणि कोकम घातलेलं हे किसमूर मला इतकं आवडायचं की बांगडा नसेल तर मी तोंड पाडायची. काकीला त्याचं कौतुक होतं. पुण्याची पोरगी बांगड्यासाठी रडते, असं ती सगळ्यांना सांगायची.

सड्यावर एकच झाड होतं, वाऱ्याने कुबड आलेलं आंब्याचं. त्याखाली घाडीमामा म्हशी राखत बसायचा. साठीचा, सडसडीत, वरच्या वाडीतला. आमचं फारसं जमत नसे. त्याला कारण होतं. मार्चमध्ये एकदा त्याने मला हाक मारून थांबवलं होतं आणि म्हणाला होता, “मॅडमीण, तुझ्या हाताक सुक्या बांगड्याचो वास येता हां.”

त्याच आठवड्यात मी एसटीत एक दृश्य पाहिलं होतं. मासळीची पाटी घेऊन चढलेल्या काकीजवळून वरच्या आळीची एक बाई नाक धरून उठली होती. काकीने फक्त पाटीवरचं फडकं नीट केलं होतं. ते माझ्या मनात ताजं होतं. मी मामाला म्हटलं, “मला आवडतो तो वास.”

“तसा नाय गो, माका सांगूचा आसा…”

“काही सांगू नका मामा,” असं म्हणून मी निघून आले होते. स्वतःवर खूश होते मी त्या दिवशी. वहीत लिहिलंसुद्धा होतं. त्यानंतर मामाने मला काही सांगितलं नाही. हाताने रामराम करायचा, इतकंच.

त्या दुपारीही त्याने हात वर केला. “आजपण थयच?”

“हो.”

“रोज जावक होया?”

“मोजायला हवं ना,” मी म्हटलं आणि चालू लागले.

आंब्याखाली तो असल्यामुळे मी पुढे जाऊन एका गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, सावलीत भाकरी खाल्ली. सड्यावर म्हशींच्या गढूळ डबक्याखेरीज पाणी नसतं. बाटलीतलं पाणी पिण्यापुरतं आणि अंड्यांच्या चाचणीपुरतं. हात मी पँटला पुसले. मग घरट्यापासून दहा पावलांवर ठेवलेल्या खुणेच्या दगडाशी गेले, तो उचलून खाली ठेवलेली घरट्याच्या नंबराची चिठ्ठी पाहिली आणि तिथून नाकासमोर चालत घरट्याशी.

नर-मादी दोघं आरडाओरडा करत डोक्यावरून गेली. मादीच्या पोटाची पिसं ओली होती. डबक्यात पोट भिजवून ती अंड्यांवर येऊन बसते, अंडी गार राहावीत म्हणून. त्या उन्हात ती दिवसातून वीस-पंचवीस खेपा घालत होती, मी एकदा मोजल्या होत्या. मी एकेक अंडं उचललं, पेल्यातल्या पाण्यात सोडलं, किती तरंगतं त्यावरून पिल्लू निघायला किती दिवस आहेत ते पाहिलं, पुसलं, परत ठेवलं. तिसऱ्या अंड्याला बारीक तडा होता. मी ते कानाशी धरलं. आत टकटक चालू होती. थांबून थांबून, कुणी दार वाजवावं तशी.

खाली उतरताना माझा निश्चय झाला होता.

पिंजरा संस्थेचा होता, मुंगसांसाठी दिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी मासळी घेऊन बाजाराला गेल्यावर मी तो रेतीच्या ढिगामागे लावला. आत बांगड्याचं डोकं. सरपंच दहा मिनिटांत आला. त्याला माझी सवय होती. पिंजऱ्यात शिरण्याआधी त्याने माझ्या हाताला गाल घासला आणि बोटं चाटली. खरखरीत, गरम जीभ. मी हात मागे घेतला. त्या जिभेने काय काय चाटलं आहे ते मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसत होतं.

पिंजऱ्यातून पोत्यात घालताना त्याने माझं मनगट फाडलं. मी पोत्याचं तोंड बांधलं. आणि मग, मी, जिने अंधश्रद्धेवर कॉलेजात भाषणं केली होती, आजूबाजूला बघून ते पोतं तीनदा गरगर फिरवलं.

तरीत मला धरून सहा माणसं होती. पोतं मांडीवर ठेवलं होतं. खाडीच्या मध्यावर ते गरम झालं, मग ओलं झालं आणि बोक्याच्या मुताचा तो उग्र, डोळ्यांत जाणारा वास सगळ्या तरीत पसरला. माझी पँट मांडीला चिकटली. समोरचा म्हातारा हसला. “पोचवूक चाललंस?” मी मान हलवली. “फिरवलंस मां?” मी पुन्हा मान हलवली. त्याने समाधानाने बिडी पेटवली.

पलीकडे बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे, माशांच्या आतड्यांचा ढीग पडलेला असतो. त्यावर निळ्या माश्यांचा थर होता आणि कडेला सात-आठ मांजरं. इथे त्याला उपास पडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पोतं सोडलं. सरपंच बाहेर आला, केस अंगाला चिकटलेले, पिवळा रंग काळपट झालेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मागून चालू लागला. मी एक खडा उचलून मारला. लागला नाही. दुसरा लागला.

घरी येऊन मी दोनदा अंघोळ केली. संध्याकाळी काकीने रोजच्यासारखी दारात उभं राहून ताटली चमच्याने वाजवली. टण टण टण. “सरपंच! ये रे सरपंचा!” थोड्या वेळाने परत. टण टण टण.

“बगलंस गो खंय?”

“नाही,” मी म्हटलं.

“गेलो आसतलो खंयतरी बायलेमागे,” काकी म्हणाली आणि त्याच्या वाट्याची आतडी झाकून ठेवली.

तिसऱ्या दिवशी तांडेलांनी जाळी नेली. खोली रिकामी झाली. काकीने ती स्वतः झाडली, एका कोपऱ्यात पाटीभर रेती आणून ओतली आणि मला दाखवली. “ही बग, तुझ्या कैद्याची खोली. आता येवंदे तेका.” त्या रेतीकडे मला बघवेना. संध्याकाळी ताटली परत वाजली. शेजारच्या ओटीवरून कुणी ओरडलं, “काकी, तुझो सरपंच अविश्वासान पडलो काय गो?” काकी हसली नाही.

त्याच दिवशी मी सड्यावर कॅमेरा लावला. संस्थेकडे एकच होता, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, आणि तो दोन दिवसांपूर्वीच एसटीच्या पार्सलने आला होता. खुणेच्या दगडाशेजारी कातळाच्या भेगेत खुंटी ठोकून त्यावर बांधला, पट्टा घट्ट केला, भिंग पुसलं, रोख घरट्याकडे. चारही अंड्यांना तडे गेले होते. उद्या, फार तर परवा. खाली येताना मी गुणगुणत होते.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता टिटव्या ओरडत नव्हत्या. हे लांबूनच कळलं. नर-मादी घरट्यापासून बरीच दूर, वेगवेगळ्या दगडांवर गप्प उभी होती.

खळग्यात कवचांचे तुकडे होते, आतल्या पातळ पापुद्र्यासकट, आणि त्यावर मुंग्या. एक पिल्लू अर्धं होतं. मागचं अर्धं. बाकी तिघांचे फक्त पाय, कडेला, कुणी ताटाबाहेर काटे काढून ठेवावेत तसे नीट टाकलेले. मुंग्यांची रांग त्या अर्ध्या पिल्लात जात होती आणि बाहेर येत होती. मी गडग्यामागे जाऊन ओकले. मग तोंड पुसून कॅमेरा काढला आणि तिथेच बसून एकेक फोटो पाहिला, कारण तेवढं एक मला नीट येत होतं.

सतरा फोटो होते. पहिला सहा वाजून चार मिनिटांचा. मांजर आमचं नव्हतं, काळी-पांढरी मादी होती, पोट सुटलेली. मला आधी एवढंच सुचलं: सरपंच नव्हता तरी हे झालं.

दुसऱ्या फोटोपासून मी सावकाश बघू लागले. मांजर घरट्याकडे बघतच नव्हतं. टिटव्या तिच्या डोक्यावर झेप घेत होत्या, तरी तिचं नाक खाली होतं. ती गडग्याच्या बाजूने आली होती, जिथे मी भाकरी खायची. तिसऱ्या-चौथ्या फोटोत ती खुणेच्या दगडाला गाल घासत होती. पाचव्यात दगड चाटत होती. सहाव्यात तिचं तोंड मोठं झालं, सातव्यात आणखी मोठं. आठव्या, नवव्या आणि दहाव्या फोटोंत काहीच नव्हतं, नुसता गुलाबी रंग. मी स्क्रीन उन्हाआड धरली. गुलाबी रंगावर बारीक पांढरे काटे होते, ओळीने.

ती जीभ होती. मांजर कॅमेरा चाटत होतं.

प्लास्टिकची पेटी, नायलॉनचा पट्टा, काचेचं भिंग. त्यात चाटण्यासारखं काय आहे, याचं उत्तर मला लगेच मिळालं असं नाही. मग उजवा हात नाकाशी नेला. कालची भाकरी, रात्रीचं जेवण, सकाळचा साबण. साबणाच्या खाली, नखांच्या कडेला, भाजलेला सुका बांगडा.

अकराव्या फोटोत मांजर पुढे निघालं होतं. दगडापासून घरट्यापर्यंत सरळ रेषेत, जशी मी चालते तसं. शेवटच्या फोटोंत ती अंडी हुंगत होती. ती अंडी मी रोज हातात घेतली होती, पुसली होती, कानाशी धरली होती.

पिशवी तिथेच टाकून मी आंब्याकडे गेले. घाडीमामा नुकताच येऊन टेकला होता.

“मामा, मार्चमध्ये तुम्ही मला काही सांगणार होतात.”

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “गेली काय बारा नंबराची?”

“तुम्हाला नंबर कसा माहीत?”

“दगडाखाली चिठ्ठी ठेवतंस मां तू. माका वाचूक येता गो.” त्याने म्हशीला हाकलं. “तुझ्या हाताक वास येता, आणि तू अंड्यांका हात लावतंस. मांजरां तुझ्या वाटेन येतत. मी बगलंय. तू खाली गेलंस काय दुसऱ्या दिवशी सकाळी येतत, तुझ्याच वाटेन, जशी काय आवताण दिलंस. ताच सांगूचा होता.”

“मग परत का नाही सांगितलंत?”

“तू म्हटलंस, काय सांगू नको.” त्यात राग नव्हता. “तुका वाटला, मी सगुणेक नावा ठेवतंय. माझ्या घराक काय बांगडो शिजत नाय? पण तू शिकलेला चेडू. म्हटलंय, ह्येच्यात काय तरी शास्त्र आसतला.”

तो उठला. “चल, दाखवतंय. पण लांबसून. हात खिशात घाल.”

सड्याच्या पश्चिम टोकाला, जिथे मी ‘घरटी नाहीत’ असं नकाशावर लिहिलं होतं, तिथे आम्ही एका उंचवट्यामागे बसलो. दुर्बिणीतून मला आधी मादी दिसली, मग तिच्या पायांत काहीतरी हललं. तीन पिल्लं. आठ-दहा दिवसांची, पळणारी. पलीकडे दुसरी जोडी, तिची चार. आणि एक मादी अंड्यांवर, ओलं पोट घेऊन नुकतीच बसलेली.

“ही तुम्हाला माहीत होती?”

“माका सात ठावक आसत. ह्या बाजूक मांजरां येवक नाय.”

“मला का नाही दाखवलीत?”

घाडीमामाने पिल्लांकडे बोट केलं. “दाखवलंय आसतंय तर ही आसती?”

पुढे आम्ही त्या सड्यावर काम वेगळ्या पद्धतीने केलं. घरट्यांना हात नाही, खूण नाही, सगळं दुर्बिणीतून. वाडीत मांजरांच्या नसबंदीची दोन शिबिरं झाली, मासळीची आतडी उघड्यावर टाकणं कमी झालं. मांजरं शेवटी मांजरंच होती, ती कधीतरी वर गेलीच असती, आणि कडं सरपंचाच्याच पोटातून निघालं होतं, हेही खरं. आता मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा सड्यावर जाण्याआधी त्यांना हात पुढे करायला सांगते आणि हुंगते. मुलं मागे माझी नक्कल करतात, मला माहीत आहे. पण तो जो चौथा दिवस होता, त्याची संध्याकाळ मी कुणाला सांगितलेली नाही.

त्या संध्याकाळी मी हात राखेने घासले, मग लिंबाने, मग बेसनाने. वास गेला की राहिला ते मला कळेनासं झालं होतं. काकीने ताट वाढलं. भात, सोलकढी आणि मुद्दाम माझ्यासाठी किसमूर. मी आतून चमचा आणला. किसमुराला न शिवता कडेचा भात खायला लागले.

काकी बघत होती.

“बरा नाय?”

“बरं आहे.”

“मगे?” ती थांबली. माझ्या चमच्याकडे पाहिलं, मग राखेने पांढऱ्या पडलेल्या नखांकडे. “तुका पण आता आमचो वास येवक लागलो काय गो?”

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. एसटीत पाटीवरचं फडकं नीट करताना होता, तसा तिचा चेहरा होता.

“नाही काकी, तसं नाही,” मी म्हटलं, आणि लक्षात आलं की तसं नाही हे पटवायचं तर सगळंच सांगावं लागेल. मग सांगितलं. दगड, कॅमेरा, जीभ, माझा हात. आणि ते सांगून झाल्यावर थांबता येईना, म्हणून पिंजरा, पोतं, तरीचा प्रवास, बर्फाचा कारखाना. खडा मारल्याचंही सांगितलं.

काकीच्या मागे जाळ्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत रेतीची पाटी तशीच होती, बोटांनी सारखी केलेली.

“परवा कोंडतंय म्हटलेलंय मी तुका,” ती म्हणाली.

“हो.”

“तीनदा फिरवलंस पोता?”

मी मान हलवली.

“मगे येवचो नाय तो,” काकी म्हणाली. तिने माझ्या ताटातलं किसमूर काढून घेतलं, उठली, आणि ओट्यावर ठेवलेली सरपंचाची ताटली भांड्यांत नेऊन घासायला टाकली.